घड्याळ पुढे, सकाळ मागे: परदेशाशी वेळ जुळवणाऱ्या बेळगावकरांसाठी

मी बेळगावात, शहापूर भागात पेटी शिकवते. सहा वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा न्यू जर्सीहून फोन आला. "बाई, माझ्या लेकीला व्हिडिओवरनं शिकवाल का?" मी हो म्हटलं आणि तेव्हापासून माझं आणि घड्याळाचं भांडण सुरू झालं. आज माझी चार मुलं अमेरिकेत आहेत, दोन इंग्लंडात आणि एक सिडनीत. वर्षातून दोनदा त्यांची घड्याळं सरकतात, उन्हाळ्यासाठी तासभर पुढे आणि हिवाळ्यासाठी परत तासभर मागे. आपलं मात्र ढिम्म जागेवर असतं. पहिली दोन वर्षं मी दर खेपेला चुकले. एकदा तर रविवारी पहाटे साडेतीनला उठून, तोंड धुऊन, पेटीचा भाता उघडून बसले, आणि समोर काळा पडदा. पोरगी आली बरोबर पाचला. तोवर मी तीनदा चहा केला होता.

आता आपल्याकडे गल्लोगल्ली कुणी ना कुणी बाहेर आहे. कुणाची लेक लंडनला, कुणाचा जावई टेक्सासला, कुणी रात्रपाळीला बसून अमेरिकेचं काम करतंय. त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. तारखा आणि तासांचे फरक खाली आहेतच, पण लोक सगळ्यात जास्त अडखळतात ते उजेडाशी. आमच्या शेजारच्या काकूंची नात लंडनला शाळेत जाते. गेल्या ऑक्टोबरात काकू काळजीनं म्हणाल्या, "अगं, त्यांचं घड्याळ मागं जातंय म्हणं. म्हणजे आता पोरीला आणखीन काळोखातनं शाळेला सोडायचं काय?" उत्तर बरोबर उलटं आहे. पण काकूंना हसू नका, दहातले आठ जण हेच म्हणतात.

हाताशी काय हवं

भिंतीवरचं एक साधं काट्यांचं घड्याळ, तेही काढून फिरवता येईल असं. एक वही. यंदाची दिनदर्शिका. फोन. आणि ज्यांच्याशी वेळ जुळवायची त्यांच्या गावांची यादी. गावांची म्हणतेय, देशांची नव्हे. का ते पुढे येईल.

१. आधी आपलं घड्याळ पक्कं धरा

भारताची वेळ वर्षभर एकच, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून धरलेली आहे. बेळगाव त्याच्या आठ अंश पश्चिमेला, आणि दर अंशाला चार मिनिटं, म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो साधारण साडेबाराला. बाराच्या भोंग्याला नाही.

आपल्याकडेही हा खेळ झालाय. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, भारताची घड्याळं तासभर पुढे केली होती. आता तसं काही नाही. त्यामुळे "आता आपलं घड्याळ बदलायचं का?" हा प्रश्न मनातून काढूनच टाका. फोनवर कुणी "घड्याळ एक तास पुढे गेलं" म्हणालं, तर ते त्याच्या घड्याळाबद्दल बोलतंय.

२. भिंतीवरचं घड्याळ काढून प्रयोग करा

हे वाचून कळत नाही, हातानं करावं लागतं. काकूंना मी तसंच समजावलं. त्यांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ खिळ्यावरनं काढलं, भिंतीवर धुळीचा गोल तेवढा राहिला. घड्याळ पालथं केलं.

"काकू, जानेवारीच्या शेवटी आपल्याकडे सूर्य कधी वर येतो?"

"सात वाजून जातात की."

मी मागची किल्ली फिरवून काटे तासभर पुढे नेले. "आता उद्या सूर्य या घड्याळात किती वाजता येईल?"

काकू बराच वेळ काट्यांकडे बघत राहिल्या. "आठला?"

"आणि तुमचा दूधवाला हेच घड्याळ बघून सहाला आला तर?"

"तर ते जुने पाच झाले की गं. म्हणजे मिट्ट काळोख."

झालं. एवढंच आहे ते. सूर्य आपल्या जागी, आपल्या वेळेला. माणसांनी आकडे हलवले. शाळा, ऑफिस, दूधवाला आकड्यांवर चालतात, म्हणून आकडे पुढे गेले की सगळ्यांना सूर्याच्या मानानं तासभर लवकर उठावं लागतं. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

घड्याळ पुढे: सकाळ अंधारी, संध्याकाळ उजेडाची.
घड्याळ मागे: सकाळ उजेडाची, संध्याकाळ अंधारी.

घोळ होतो तो "पुढे" या शब्दानं. पुढे म्हणजे दिवस पुढे सरकला, म्हणजे जास्त उजाडलं, असं मनात येतं. पण पुढे जातात ते आकडे. सातचा आकडा आता अंधाराच्या बाजूला सरकला, हे डोळ्यांसमोर आणायचं.

लंडनचे आकडे घ्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी तिथे सूर्य सुमारे ७.४०ला उगवतो. रात्रीतून घड्याळ मागे जातं आणि रविवारी तोच सूर्य ६.४०च्या सुमारास. म्हणजे काकूंची नात सोमवारी शाळेला निघाली तर चांगलं लख्ख उजाडलेलं असतं. किंमत संध्याकाळी मोजावी लागते. पावणेसहाला मावळणारा सूर्य एकदम पावणेपाचला जातो.

मार्चमध्ये उलट. शेवटच्या शनिवारी पावणेसहाला उगवणारा सूर्य रविवारी पावणेसातच्या जवळपास.

३. घड्याळाची उडी आणि ऋतूची चाल वेगळी मोजा

इथे शहाणी माणसंही चुकतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

काकूंना पटलं. नोव्हेंबरभर त्या खुशीत होत्या. डिसेंबरात पुन्हा आल्या, जरा रागातच. "तू म्हणालीस सकाळ उजेडाची होणार. पोरगी तर म्हणते, साडेसातला काळोख आहे."

दोघीही खऱ्या. घड्याळ मागे गेलं तेव्हा सकाळला एक तास उजेड मिळाला, पण दिवस लहान होत होते ते थांबले नाहीत. लंडनला नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्योदय परत ७.४०वर येऊन पोचतो. म्हणजे ऑक्टोबरात मिळालेला तास महिन्याभरात ऋतूनं खाऊन टाकला. डिसेंबर अखेरीला तर आठ वाजून जातात. घड्याळ मागे नेलं नसतं तर तेच नऊ झाले असते.

मार्चमध्येही असंच. एका रात्रीत गेलेला सकाळचा तास लंडनला एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत भरून निघतो, कारण दिवस वाढत असतात.

आपल्याला हे पटायला जड जातं, कारण आपण विषुववृत्ताच्या जवळ. बेळगावात जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारी अखेरीला सातच्या पुढे. सगळ्या वर्षाचा फरक मिळून तासभर. म्हणजे आपला सूर्य जेवढा सरकायला सात-आठ महिने घेतो, तेवढं ती माणसं एका रात्रीत करतात. लंडनच्या सूर्याची स्वतःची चालच चार तासांवरची आहे, वर ही तासाची उडी. दोन्ही एकत्र मोजायला गेलात तर डोकं फिरेल. आधी विचारा, घड्याळ हललं का? मग विचारा, महिना कुठला?

न्यू जर्सीची तर गंमतच आहे. तिथली घड्याळाप्रमाणे सगळ्यात काळोखी सकाळ जानेवारीच्या कडाक्यात येत नाही. ती येते नोव्हेंबरच्या तोंडावर, घड्याळ मागे जाण्याच्या आदल्या दिवसांत. तेव्हा सूर्योदय ७.२५च्या आसपास असतो, जानेवारीत ७.२०. माझ्या विद्यार्थिनीची आई दर दिवाळीत "अजून काळोखातच बस येते हो" म्हणते ते याचसाठी.

जाता जाता आमच्या धंद्यातलं सांगते. त्या पोरीला मी पहिला राग भूप शिकवला. तिच्या संध्याकाळी साडेसहाला. डिसेंबरात तिथे तेव्हा सूर्य मावळून दोन तास झालेले असतात, रात्रीचा राग शोभून दिसतो. जूनमध्ये त्याच साडेसहाला सूर्य मावळायला अजून दोन तास असतात, आणि मी इकडे पहाटे चारला भूप वाजवतेय, वरच्या मजल्यावरची माणसं कूस बदलतायत. रागाची वेळ ठरवणाऱ्यांनी सूर्य बघितला होता, घड्याळ नव्हे. मी आपली कानाला हात लावते आणि शिकवते.

४. देश विचारू नका, गाव विचारा

अमेरिका म्हणजे एक वेळ नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिथेही सगळे घड्याळ बदलत नाहीत. ॲरिझोनाचा जवळपास सगळा भाग बदलत नाही, म्हणून फिनिक्सशी आपला फरक बारा महिने साडेबारा तास. ऑस्ट्रेलियात सिडनी आणि मेलबर्न बदलतात, ब्रिस्बेन आणि पर्थ नाही.

आखातातल्यांना हा त्रासच नाही. दुबई आपल्या दीड तास मागे, सौदी, कुवेत, कतार अडीच तास, वर्षभर तेच. ज्यांचा मुलगा तिकडे आहे त्यांनी इथूनच परत जायला हरकत नाही.

५. फरक पाठ करा, दोन-दोन आकडे

ही माणसं आपल्या मागे आहेत. पहिला आकडा त्यांच्या हिवाळ्याचा, दुसरा उन्हाळ्याचा.

लंडन: साडेपाच तास, साडेचार तास.
जर्मनी, फ्रान्स: साडेचार, साडेतीन.
न्यूयॉर्क, न्यू जर्सी: साडेदहा, साडेनऊ.
शिकागो, डॅलस: साडेअकरा, साडेदहा.
कॅलिफोर्निया: साडेतेरा, साडेबारा.

त्यांचं घड्याळ पुढे गेलं की ते आपल्या तासभर जवळ येतात, असं लक्षात ठेवा. सिडनी आपल्या पुढे आहे, म्हणून तिथे उलटं होतं. त्यांच्या हिवाळ्यात साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेपाच. आणि त्यांचा उन्हाळा आपल्या डिसेंबरात.

६. तारखा आणि मधले अडनिडे आठवडे

अमेरिका: मार्चचा दुसरा रविवार पुढे, नोव्हेंबरचा पहिला रविवार मागे. २०२६मध्ये ८ मार्च आणि १ नोव्हेंबर, २०२७मध्ये १४ मार्च आणि ७ नोव्हेंबर.
ब्रिटन आणि युरोप: मार्चचा शेवटचा रविवार पुढे, ऑक्टोबरचा शेवटचा रविवार मागे. २०२६मध्ये २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर, २०२७मध्ये २८ मार्च आणि ३१ ऑक्टोबर.
सिडनी, मेलबर्न: ऑक्टोबरचा पहिला रविवार पुढे, एप्रिलचा पहिला रविवार मागे.

लक्षात ठेवायला माझी एक युक्ती आहे. आपल्या बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, कॅम्पात कवायत बघत आपण मोठे झालो. "मार्च" म्हटल्यावर जवान मागे जातो का? पुढेच जातो. तसं मार्चमध्ये घड्याळ पुढे. आणि मागे यायचं ते दिवाळीच्या आगेमागे. सिडनीला ही युक्ती लावू नका.

अमेरिका आणि ब्रिटन एकाच दिवशी बदलत नाहीत. मार्चमध्ये अमेरिका दोन-तीन आठवडे आधी बदलते, शरदात ब्रिटन एक आठवडा आधी. एकाच वर्गात दोन्हीकडची मुलं असतील तर या मधल्या आठवड्यांत कुणीतरी तासभर चुकणारच. मी त्या आठवड्यांत एकत्र वर्ग घेतच नाही. चक्क सुट्टी देते.

७. बदलाचा रविवार

माझी साडेतीनची फजिती झाली ती इथे. "रविवारी बदलतं" हे मी वाचलं होतं, पण कुणाच्या रविवारी? तिच्या शनिवारची संध्याकाळ म्हणजे माझ्या रविवारची पहाट. तिथे अजून रविवार लागलाच नव्हता.

आपल्या घड्याळात हे बदल असे पडतात. न्यूयॉर्कचा मार्चमधला बदल आपल्या रविवारी दुपारी साडेबाराला, नोव्हेंबरचा रविवारी सकाळी साडेअकराला. ब्रिटन आणि युरोपचे दोन्ही बदल रविवारी सकाळी साडेसहाला. सिडनीचे दोन्ही बदल आपल्या शनिवारी रात्रीच, साडेनऊला. म्हणजे अमेरिकेचा रविवार पहाटेचा वर्ग जुन्या वेळेनं आणि सोमवार पहाटेचा नव्या. हे वहीत मी लाल शाईनं लिहिलंय.

८. वेळ कुणाच्या घड्याळाला बांधायची ते आधीच ठरवा

पहिल्याच बोलण्यात हे मिटवा. न्यू जर्सीच्या संध्याकाळी साडेसहाला बांधलीत तर तुमचा वर्ग हिवाळ्यात पहाटे पाचला आणि उन्हाळ्यात चारला. बेळगावच्या सकाळी सहाला बांधलीत तर तिकडे हिवाळ्यात संध्याकाळी साडेसात, उन्हाळ्यात साडेआठ.

मी आधी भिडेखातर त्यांच्या घड्याळाला बांधली होती. आता लहान मुलं असतील तर त्यांचं घड्याळ, कारण साडेआठला पोरं पेंगतात. मोठी माणसं असतील तर माझं. नोकरीवाल्यांना ही मुभा नसते, पण निदान विचारून ठेवा. "रोज संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेतीन" सांगून घेतात आणि नोव्हेंबरात ते साडेसात ते साडेचार होतं. घरी न्यायला गाडी येणार असेल तर तीही त्याप्रमाणे हलते का, हे नोव्हेंबर लागायच्या आधी विचारा.

९. फोनला काम लावा, पण गजराला नको

फोनच्या घड्याळात "जागतिक घड्याळ" असतं, तिथे गावाचं नाव घाला. ते आपोआप बदलतं. गुगल कॅलेंडरमध्ये वर्ग नोंदवताना वेळेखाली टाइम झोनचा पर्याय असतो, तिथे समोरच्याचं गाव निवडा. मग मार्च असो की नोव्हेंबर, नोंद आपोआप तुमच्या योग्य तासाला सरकते. रोजचा गजर मात्र सरकत नाही. पाचचा गजर पाचलाच वाजणार. तो हातानं बदलायचा, म्हणून बदलाच्या आदल्या शुक्रवारी तशी आठवण लावून ठेवा, फक्त सातव्या पायरीतला रविवार विसरू नका.

संक्षेपांपासून जपा. न्यूयॉर्कची हिवाळी वेळ ईएसटी, उन्हाळी ईडीटी. पण तिथली माणसं जुलैतही सवयीनं ईएसटी लिहितात, आणि तुम्ही प्रामाणिकपणे ईएसटीचा हिशोब केलात तर तासभर उशिरा पोचता. लंडनची हिवाळी जीएमटी, उन्हाळी बीएसटी. आपल्या आयएसटीचाही भरवसा नाही, आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेलाही हीच अक्षरं वापरतात. म्हणून मी निरोप असा पाठवते: "रविवारी, बेळगावची पहाट ५.००, तुमची शनिवार संध्याकाळ ६.३०. बरोबर आहे ना?" समोरून "हो" आल्याशिवाय गजर लावत नाही.

काकूंनी यंदा ते स्वयंपाकघरातलं घड्याळ लंडनच्या वेळेवर लावून देवघराशेजारी टांगलंय. बदलाच्या रविवारी संध्याकाळी साडेसातला नातीचा फोन झाला की स्टुलावर चढून काटे हलवतात. त्या दिवशी मला हाक मारतात, बरोबर दिशेनं फिरवलं का ते बघायला.